फेरेटला मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर: पहिल्या मिनिटापासून पुढचे दोन दिवस

फेरेटला, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या या लहान पाळीव प्राण्याला, काही चावलं की घरातला प्रत्येक जण काहीतरी लावायला घेऊन धावतो. कुणी बर्फ आणतं, कुणी खाण्याचा सोडा, कुणी स्वतःच्या खाजेवरचं मलम. या धावपळीत मुख्य गोष्ट राहून जाते. तो श्वास कसा घेतोय, हिरड्यांचा रंग काय आहे, चार पायांवर नीट उभा राहतोय का, हे कुणी बघतच नाही. फेरेट पाळायला नुकतीच सुरुवात केली असेल तर एक लक्षात ठेवा: डंखावर काय लावलं याने फारसा फरक पडत नाही, पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय पाहिलंत याने मात्र खूप पडतो. म्हणून या लेखात लावण्याबद्दल थोडं आणि बघण्याबद्दल बरंच आहे.

हे दिसत असेल तर आधी निघा

पुढची लक्षणं आत्ता तुमच्यासमोर दिसत असतील तर लेख बाजूला ठेवा आणि फेरेटला घेऊन डॉक्टरांकडे निघा. फोन दुसऱ्या कुणालातरी करायला सांगा.

तोंड उघडून किंवा पोट आत-बाहेर खेचून श्वास घेणं. श्वासाबरोबर घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज. हिरड्या, नाक किंवा पंजाचे तळवे एकदम लालभडक होणं आणि मग फिके पडणं. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसणं. लागोपाठ उलट्या, अचानक पातळ किंवा रक्त पडलेली शी. अंग सैल सोडून देणं, हाक मारली तरी न बघणं, झटके येणं. चेहरा किंवा गळा डोळ्यांदेखत सुजत जाणं.

यातलं एक लक्षणही पुरेसं आहे. दुसरं दिसेपर्यंत थांबू नका.

उलटी आणि जुलाब या यादीत मुद्दाम घेतले आहेत. माणसाला तीव्र ॲलर्जी झाली की अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि आपण तेच शोधत बसतो. फेरेटच्या दाट केसांत गांधी दिसत नाहीत. त्याच्या शरीरात ही ॲलर्जी बरेचदा पोटातून बोलते. लसीनंतर काही फेरेटना येणारी तीव्र रिॲक्शन पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्यात उलटी, रक्ताचे जुलाब, अंगावरचे केस उभे राहणं आणि मग कोसळणं असा क्रम दिसू शकतो, तोही बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. लस टोचल्यावर दवाखान्यात थांबवून घेतात ते याचसाठी. डंखानंतरची ॲलर्जीही त्याच जातीची असते, म्हणून पहिला अर्धा तास इतका महत्त्वाचा.

एवढ्याशा जिवाला एक डंख म्हणजे किती?

पूर्ण वाढलेली मादी साधारण 600 ग्रॅम ते एक किलोची असते, नर एक ते दोन किलोचा. मधमाशी माणसाला चावो की फेरेटला, विष तेवढंच सोडते. तरी एका डंखाने बहुतेक फेरेटना दुखणं, थोडी सूज आणि तासाभराची चिडचिड यापलीकडे काही होत नाही. घाबरायला लावणाऱ्या गोष्टी तीन. पहिली ॲलर्जी, जिला एकच डंख पुरतो. दुसरी जागा: जिभेवर, टाळूला किंवा घशात डंख बसला की सूज श्वासाची वाट अडवू शकते, ॲलर्जी असो वा नसो. तिसरी संख्या. ढोबळमानाने किलोमागे वीसेक डंख हे प्राण्यांसाठी प्राणघातक मानले जातात, म्हणजे किलोभराच्या फेरेटला पाच-सात डंखही हलक्यात घेण्यासारखे नाहीत. तेवढे झाले असतील तर तो ठीक दिसत असला तरी डॉक्टरांना दाखवा.

पहिलं काम: तिथून दूर जा

मधमाशी डंख मारते तेव्हा त्या जागी एक वास सोडते, जो बाकीच्या माश्यांना तिथे बोलावतो. त्यामुळे चावलं त्या जागीच बसून तपासू नका. फेरेटला उचला, घरात किंवा गाडीत न्या, दार लावा. गांधीलमाश्यांचं पोळं जवळपास असेल तर हे आणखी निकडीचं, कारण गांधीलमाशी पुनःपुन्हा डंख मारू शकते.

उचलताना सांभाळा. एरवी अंगाखांद्यावर खेळणारा फेरेट दुखत असताना कडकडून चावतो आणि सोडत नाही. टॉवेल टाकून उचला, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. हार्नेस घातलेला असेल तर लगेच काढा. मानेवर किंवा छातीवर सूज आली तर तोच पट्टा आवळायला लागतो.

अंगावर माशी अजून अडकलेली असेल तर कपड्याने किंवा कार्डाने झटकून टाका. मुंग्या असतील तर झटकून निघत नाहीत, त्या कातडीला धरून राहतात. ओल्या फडक्याने केसांच्या दिशेने पुसा, मग बोटांच्या पेरांना, कानामागे, शेपटीच्या बुंध्याशी आणि गुदद्वाराजवळ नीट बघा. तिथे एखादी हटकून राहिलेली असते.

मग काटा शोधा

मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. त्यामुळे ती कातडीत रुतते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते. तुटल्यावरही ती पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत आणि उरलेलं मिनिटाभरात उतरतं. गांधीलमाशीची नांगी जवळजवळ गुळगुळीत असते, ती मागे राहत नाही. म्हणजे काटा सापडला तर मधमाशी समजा. नाही सापडला तर गांधीलमाशी असेल किंवा काटा आधीच पडला असेल.

काटा चिमट्याने काढायचा नाही, पिशवी दाबली जाते, कार्डानेच खरवडायचा, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. 1996 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे तपासून पाहिलं होतं. कसा काढला याने फरक पडला नाही, किती लवकर काढला याने पडला. तेव्हा कार्ड शोधायला दुसऱ्या खोलीत जाऊ नका. नखाने काढा, बोटांनी काढा, जे हातात असेल त्याने काढा.

केसांत काटा शोधायची युक्ती अशी: दुखऱ्या जागेवर हळू फुंकर मारा. केस दुभागतात आणि कातडी दिसते. काटा म्हणजे बारीक काळपट टोक आणि त्याला चिकटलेला पांढुरका, ओलसर ठिपका. मोबाइलचा टॉर्च समोरून मारण्याऐवजी बाजूने तिरपा धरा, मग त्या काट्याची सावली पडते आणि तो चटकन दिसतो. फेरेटना जास्त करून नाकावर, ओठांवर, हनुवटीखाली आणि पुढच्या पंजांच्या तळव्यांना चावतं, कारण ते आधी नाक आणि मग पंजा घालून प्रत्येक गोष्ट तपासतात. मानेवरची आणि खांद्यावरची कातडी जाड असते, तिथे डंख खोल जात नाही.

दोन-तीन मिनिटं गेली आणि काटा सापडला नाही तर शोध सोडा. विष जायचं ते गेलेलं असतं. त्यापुढे केस विस्कटून फेरेटला छळण्यापेक्षा त्याला नीट बघणं जास्त गरजेचं आहे.

तोंडात बघायचं कसं

फेरेट तोंडाशी पंजे घासतोय, लाळ गाळतोय, सारखं गिळल्यासारखं करतोय, तर तोंडात डंख बसलाय असं धरून चला. (मळमळलं तरी फेरेट पंजाने तोंड खाजवतो. दोन्ही शक्यता गंभीर आहेत, त्यामुळे कोणती खरी हे घरी ठरवत बसू नका.)

श्वास व्यवस्थित चालू असेल तरच पुढचं करा. मानेमागची सैल कातडी मुठीत धरून फेरेटला हळू उचला, दुसऱ्या हाताने मागचं अंग तोलून धरा. फेरेटपालक याला स्क्रफ करणं म्हणतात. आई पिल्लांना याच जागी धरून नेते. बहुतेक फेरेट असं धरल्यावर सैल पडतात आणि काही सेकंदांत मोठी जांभई देतात. ती जांभई म्हणजे तुमची संधी. शेजारी कुणाला टॉर्च धरायला सांगा आणि जीभ, जिभेची खालची बाजू, टाळू आणि गालांची आतली बाजू एका नजरेत बघून घ्या. जांभई आली नाही तर हनुवटीकडून पोटाकडे हळू हात फिरवा.

श्वासाला त्रास होत असेल तर स्क्रफ करू नका, तोंड उघडायचा प्रयत्नही नको. आणि तोंडात किंवा घशात डंख दिसला, किंवा दिसला नाही पण तशी दाट शंका आली, तर फेरेट चांगला दिसत असला तरी डॉक्टरांकडे जा. घशातली सूज वाढायला वेळ लागतो आणि बाहेरून ती दिसत नाही.

थंडावा द्या, पण बेताने

पातळ फडकं थंड पाण्यात भिजवून, पिळून दुखऱ्या जागेवर तीन-चार मिनिटं धरा. मग काढा, दहा मिनिटांनी पुन्हा धरा. बर्फ वापरायचाच असेल तर फडक्यात गुंडाळून, आणि तोही फक्त त्या जागेपुरता. किलोभराचं जनावर पटकन गारठतं. पूर्ण फेरेट गार पाण्यात बुडवणं हा अत्यंत वाईट विचार आहे. कोसळायला टेकलेल्या प्राण्याला त्याने आणखी धक्का बसतो.

बाकी जे काही लावायचं मनात येतं त्यातलं जवळजवळ काहीच नको. सोडा आणि व्हिनेगरमागे विचार असा की मधमाशीचं विष आम्ल, गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून उलट पदार्थ लावून ते मारायचं. पण विष कातडीखाली गेलेलं असतं, वरून लावलेलं तिथे पोचत नाही. आणि विषाचा त्रास आम्लतेमुळे होतच नाही, तो त्यातल्या प्रथिनांमुळे होतो. शिवाय फेरेट लावलेलं सगळं चाटतो. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असतं. बधिर करणाऱ्या मलमांतली काही औषधं पोटात गेली की रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतात. टी ट्री तेल आणि तत्सम सुगंधी तेलं छोट्या प्राण्यांना विषारी ठरू शकतात. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

अर्धा तास: फक्त बघा

आता त्याला एका मोकळ्या, थंडशा, शांत खोलीत आणा. हॅमॉकमध्ये (टांगलेल्या झोळीत) किंवा झोपायच्या पिशवीत घालू नका, तिथे तो दिसत नाही. मांडीवर किंवा जमिनीवर टॉवेल टाकून ठेवा आणि घड्याळ बघून वेळ लिहा: चावलं कधी, किती ठिकाणी, आता कसा आहे. पहिली दहा मिनिटं नजर हलवू नका. अर्धा तास त्याच खोलीत राहा. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघा, आणि रात्री दोन-तीनदा उठा. एकदा ओसरलेली ॲलर्जी काही तासांनी पुन्हा उसळी मारू शकते.

काय बघायचं? आधी हिरड्या. ओठ वर करून हिरडीवर बोटाने हलकेच दाबा. जागा पांढरी पडते आणि सोडल्यावर गुलाबी होते. ते दोन सेकंदांच्या आत व्हायला हवं. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण ढासळतंय. मग श्वास. शांत बसलेला फेरेट मिनिटाला साधारण 33 ते 36 वेळा श्वास घेतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. नुकताच पळापळ केलेला, घाबरलेला असेल तर आकडा वाढलेला असणारच, पण दहा-पंधरा मिनिटांत तो खाली यायला हवा. चढत चालला असेल तर निघा. मग चाल: चार पावलं चालवून बघा. मागचे पाय लटपटत असतील, फेरेट पोट टेकून सरपटत असेल तर ती अशक्तपणाची खूण आहे.

इथे नवख्या माणसाची फसगत होते ती फेरेटच्या काही स्वाभाविक सवयींमुळे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

फेरेट कधी कधी इतका गाढ झोपतो की उचलला तरी मान लुळी पडते, डोळे उघडत नाहीत, मेल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज थांबतं. डंखानंतर दमून तो असा झोपला तर ही झोप की शुद्ध हरपणं, हे ओळखता यायला हवं. गाढ झोपलेल्या फेरेटचं अंग उबदार असतं, हिरड्या गुलाबी असतात, श्वास संथ आणि एकसारखा असतो. नाव घेऊन हलवलं, नाकाखाली आवडीचं तेल किंवा मांसाचा रस धरला की मिनिट-दोन मिनिटांत नाक हलतं, जीभ बाहेर येते आणि तो जागा होतो. जागा होत नसेल, अंग गार लागत असेल किंवा हिरड्या फिक्या असतील तर ती झोप नव्हे.

झोपेतून उठल्यावर फेरेट थोडा वेळ थरथरतो. तेही नेहमीचं आहे. पण पूर्ण जागा असताना, ऊबदार खोलीत, थरथर थांबतच नसेल तर डॉक्टरांना सांगा. तसंच शेपटीचं. खेळात किंवा दचकल्यावर शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलते आणि काही मिनिटांत बसते. शेपटी फुललेली आणि फेरेट मात्र मरगळलेला, हे दोन्ही एकत्र दिसले तर तो ॲलर्जीचा इशारा धरा.

हे सगळं ऐन वेळी आठवणार नाही. आज, फेरेट ठणठणीत असताना, त्याच्या हिरड्यांचा एक फोटो काढून ठेवा आणि झोपेतले श्वास एकदा मोजा. वजनही लिहा. घाबरलेल्या डोळ्यांना प्रत्येक हिरडी फिकी दिसते. समोर तुलनेला फोटो असला की मनाचे खेळ थांबतात.

औषधं

माणसांची कुठलीही वेदनाशामक गोळी फेरेटला देऊ नका. आयबुप्रोफेनने फेरेटचं पोट आणि मूत्रपिंडं तर बिघडतातच, शिवाय तो गुंगीत जाऊन बेशुद्ध होऊ शकतो. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची त्याच्या यकृताची क्षमता मांजरासारखीच कमी असते. चतकोर गोळीसुद्धा किलोभराच्या शरीराला फार असते.

ॲलर्जीसाठी पशुवैद्य फेरेटना डायफेनहायड्रॅमिन देतात, हे खरं आहे. त्याचा डोस मिलिग्रॅमच्या हिशेबात, वजनावर ठरतो. घरातल्या बाटलीत मात्र बरेचदा त्याच्या जोडीला सर्दीचं औषध, पॅरासिटामॉल, अल्कोहोल किंवा झायलिटॉलसारखा गोडवा असतो, आणि यातलं काहीही फेरेटला घातक ठरू शकतं. म्हणून पुढच्या नियमित तपासणीला गेलात की डॉक्टरांना विचारा: "याला चावलं तर घरी कोणतं औषध, किती मिली, कोणत्या वजनाला?" उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तेच औषध, तोच कागद एका डबीत ठेवा. वजन ऋतूप्रमाणे बरंच कमी-जास्त होतं, त्यामुळे वजन बदललं की डोस पुन्हा विचारा.

आणि हे औषध दिलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते खाज आणि सूज कमी करतं, कोसळता रक्तदाब सावरत नाही. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं औषध एपिनेफ्रिन आहे, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. घरात कुणाकडे माणसांसाठीचं तयार इंजेक्शन असलं तरी ते फेरेटला टोचू नका. त्यात एका वेळी 0.3 किंवा 0.15 मिलिग्रॅम औषध जातं, जे एवढ्याशा हृदयाला कित्येक पटींनी जास्त होतं.

डॉक्टरांकडे नेताना

फेरेट बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. ते कोण, त्यांच्या वेळा कोणत्या आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं, हे फेरेट घरी आणला त्याच आठवड्यात शोधून ठेवायचं काम आहे. तसे डॉक्टर जवळ नसतील तर कुत्र्या-मांजरांच्या जवळच्या दवाखान्यात जा. ॲलर्जीचा झटका कुठल्याही प्राण्यात सावरायची मूळ पद्धत सारखीच असते, आणि ऑक्सिजन, सलाइन तिथेही मिळतं. लांबच्या तज्ज्ञापर्यंत पोचायला लागणारा तास तुमच्याकडे कदाचित नसेल.

हवेशीर कॅरिअरमध्ये टॉवेल घाला आणि फेरेटला पोटावर, मान सरळ राहील असा ठेवा. तोंडावर कापड टाकू नका. गाडी गार ठेवा. फेरेटला घाम फारसा येत नाही आणि साधारण 30 अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो, त्यात श्वासाची ओढ असेल तर आणखीच. वाटेत खायला-प्यायला घालू नका. उलटी होत असेल तर डोकं थोडं खाली आणि बाजूला राहू द्या.

फोनवर थोडक्यात सांगा: वय, वजन, किती वाजता, काय चावलं, कुठे, किती ठिकाणी, आता काय दिसतंय, आणि आधीपासून कुठलं औषध चालू आहे का. शेवटचं विसरू नका. फेरेटना बऱ्याच आजारांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं जातं आणि त्यामुळे ॲलर्जीची लक्षणं दबलेली असू शकतात. मेलेली माशी सापडली तर डबीत टाकून न्या, नाहीतर फोटो काढा. तिच्यामागे पुन्हा बाहेर मात्र जाऊ नका. काय चावलं हेच माहीत नसेल, विंचू किंवा साप असण्याची शक्यता असेल, तर वाट न बघता न्या.

खाणं थांबू देऊ नका

फेरेटची आतडी आखूड असतात, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. त्यामुळे "आज बरं नाही, उद्या खाईल" हे कुत्र्याला चालेल, फेरेटला नाही. तीन वर्षांवरच्या फेरेटमध्ये तर स्वादुपिंडाच्या गाठी, म्हणजे इन्सुलिनोमा, बरेच आढळतात. अशा फेरेटने चार तास खाल्लं नाही की रक्तातली साखर घसरते. मग तो एकटक बघत राहतो, लाळ गाळतो, मागच्या पायांनी लटपटतो. ही लक्षणं डंखाच्या रिॲक्शनसारखीच दिसतात! वयस्क फेरेटच्या बाबतीत डॉक्टर साखर तपासायला सांगतील ते याचसाठी. हा खर्च टाळू नका.

श्वास मोकळा आहे, उलटी नाही आणि पहिला अर्धा तास नीट गेला, की नेहमीचं खाणं समोर ठेवा. ओठ सुजला असेल तर कोरडे दाणे टोचतात. ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, किंवा मांसाची पातळ पेज बोटावर घेऊन चाटवा. सिरिंजने जबरदस्तीने तोंडात ढकलू नका; सुजलेल्या घशातून ते श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. पाणी बाटलीच्या नळीतून पिताना नाक दुखतं, म्हणून पसरट वाटी ठेवा.

पुढचे दोन दिवस

साधी सूज एक-दोन दिवसांत उतरते. पंजाला डंख असेल तर फेरेट पहिला दिवस लंगडतो, त्याला उड्या मारायच्या जागा बंद ठेवा. सोबतीचा फेरेट असेल तर काही तास वेगळं ठेवा, कारण फेरेटांचा खेळ म्हणजे मान आणि गाल चावणंच असतो आणि सुजलेल्या जागेवर ते सहन होत नाही. पण दोघांना एकमेकांचा वास येईल, दिसेल असं ठेवा. जोडीदार एकदम नाहीसा झाला तर काही फेरेट खाणंच सोडतात.

चाटू नये म्हणून गळ्यात लावायचा शंकू फेरेटवर फारसा टिकत नाही. त्याची मान डोक्याएवढीच जाड असते, तो त्यातून निसटतो किंवा अडकून घाबरतो. सारखं खाजवून जखम करत असेल तर डॉक्टरांकडून औषध घेणं जास्त सोयीचं.

शी आणि लघवीवर लक्ष ठेवा. काळी, डांबरासारखी शी म्हणजे पोटात रक्तस्राव. डंख बरेच झाले असतील तर लघवी लालसर किंवा तपकिरी होणं ही सगळ्यात काळजीची खूण. विषाने रक्तपेशी आणि स्नायू फुटले की त्यांचा रंग लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, तोही एक-दोन दिवस फेरेट बरा दिसल्यानंतर. त्यामुळे बरेच डंख झालेल्या फेरेटची रक्त-लघवी डॉक्टर पुन्हा तपासायला बोलावतील तेव्हा जरूर जा. एखाद-दुसऱ्या डंखात या गोष्टीची भीती नाही. दोन-तीन दिवसांनी सूज वाढायला लागली, गरम लागली किंवा पू दिसला तर जंतुसंसर्ग झालाय, दाखवून घ्या.

पुन्हा चावू नये म्हणून

फेरेटचा जन्मच बिळात शिरायला झालेला आहे, आणि भुंगे व काही जातींच्या गांधीलमाश्या उंदरांच्या ओसाड बिळांत घर करतात. फिरायला नेल्यावर जमिनीतल्या एखाद्या भोकातून माश्या ये-जा करताना दिसल्या तर फेरेटला तिथे नाक घालू देऊ नका, वळवून दुसरीकडे न्या. मोकळं सोडण्याआधी ती जागा दोन मिनिटं उभं राहून बघा: मुंग्यांची रांग, जमिनीलगतची फुलं, पडलेली पिकलेली फळं. घरात खिडकीच्या काचेवर आपटणारी गांधीलमाशी फेरेटला खेळणं वाटते. ती बाहेर घालवेपर्यंत फेरेट पिंजऱ्यात. कीटकनाशकाचा फवारा त्याच्या खोलीत मारू नका. मारावा लागलाच तर फेरेट, त्याचं पाणी आणि अंथरूण आधी बाहेर काढा आणि खोली पूर्ण हवेशीर होईपर्यंत परत आणू नका.

एकदा साधं निभावलं म्हणून पुढच्या वेळीही तसंच होईल असं नाही. पहिल्या डंखाने शरीर संवेदनशील होऊ शकतं आणि ॲलर्जी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी उमटू शकते. म्हणून प्रत्येक डंखाची तारीख, जागा आणि काय झालं ते लसीच्या कार्डावरच लिहून ठेवा. तीव्र रिॲक्शन येऊन गेलेली असेल तर पुढची लस द्यायच्या आधी ते कार्ड डॉक्टरांना दाखवा, आणि लसीनंतर दवाखान्यातच थांबा.